वापरलेला गिअरबॉक्स बसवलाय आणि गाडी नीट चालत नाहीये? परत उतरवण्याआधी या चुका बघा

जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स बसवला, सगळे बोल्ट आवळले, सेल्फ मारला आणि काहीतरी गडबड. गिअर पडत नाही, किंवा पडतो पण गाडी जागची हलत नाही, किंवा सेल्फच घेत नाही. पहिला राग येतो तो विकणाऱ्यावर, की खराब माल गळ्यात मारला. कधी कधी तसं असतंही, पण मी जेवढ्या गाड्या बघितल्या त्यात बऱ्याच वेळा दोष सापडला तो आपणच काढून परत जोडलेल्या वस्तूंमध्ये, म्हणजे वायर, केबल, ऑइल, अ‍ॅक्सल, त्यामुळे कृपा करून घाईत बॉक्स परत खाली उतरवू नका.

सगळ्यात आधी अर्थ वायर. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी ती पट्टी काम करताना काढतात आणि लावायची राहते. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झालं होतं, सेल्फ मरत मरत फिरायचा, मी बॅटरी बदलली, सेल्फ काढून तपासला, दोन दिवस त्यातच गेले आणि मग एकदा गिअरची केबल हाताला लागली तर चटकाच बसला. पट्टी नसल्यामुळे सेल्फचा सगळा करंट त्या बारीक केबलमधून परत जात होता. असं झालं तर केबल आतून वितळून जाम होते. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ कच्चं आहे.

सेल्फ अजिबातच टिक करत नसेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर लीव्हर न्यूट्रलला घेऊन बघा. पार्कमध्ये घेत नाही आणि न्यूट्रलमध्ये घेतो म्हणजे केबलचं सेटिंग किंवा न्यूट्रल स्विच सरकलाय. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा सेन्सर) बघा, काही गाड्यांत तो बेल हाऊसिंगवरच (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडणारा घंटेसारखा भाग) असतो आणि त्याची वायर मध्ये चेपली जाते किंवा सॉकेट लावायचं राहतं.

आता टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा गोल डबा. ऑटोमॅटिकमधली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कन्व्हर्टर आत बसताना स्टेटरचे (कन्व्हर्टरच्या आतल्या एका चक्राचे) दाते, इनपुट शाफ्टचे (बॉक्समध्ये ताकद नेणाऱ्या दांड्याचे) दाते आणि पंपाच्या खाचा असं सगळं जुळावं लागतं, हाताने फिरवत आत ढकललं की तो टप्प्याटप्प्याने खटकन आत जातो. एक टप्पा राहिला तर बेल हाऊसिंग इंजिनला पूर्ण टेकत नाही, आणि मग लोक काय करतात तर बोल्ट आवळून ओढून घेतात, त्यात पंप फुटतो आणि कुठल्याच गिअरमध्ये गाडी हलत नाही. बेल हाऊसिंग हाताने टेकलंच पाहिजे, नाही टेकलं तर थांबा. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटकडे (इंजिनच्या मागची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने लागतो) पुढे ओढताना बऱ्याच गाड्यांत साधारण ३ ते ५ मिमी यायला पाहिजे. इंजिनच्या मागच्या दोन डॉवेल पिन (बॉक्स सरळ बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना तेही बघा, त्या नसल्या तर सेंटर हलतं आणि पुढचं सील गळायला लागतं.

ऑइलचं म्हणाल तर कन्व्हर्टर कोरडा असेल तर नेहमीच्या ऑइल बदलाएवढं ऑइल पुरत नाही, तो स्वतःच बरंचसं पितो. गिअर टाकल्यावर उशिरा पकडणं आणि पंपाचा रडका आवाज, हे दोन्ही एकत्र आले की आधी लेव्हल बघा. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन चालू आणि ऑइल गरम असताना बघायचं, पण होंडाच्या गाड्यांत गरम करून इंजिन बंद केल्यावर बघतात, म्हणून मॅन्युअल वाचाच. जास्त भरलं तरी फेस होऊन गिअर घसरतात. आणि ऑइल मिळेल ते टाकू नका, सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला) सीव्हीटीचंच लागतं.

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याच्या पायपा धुतल्या नाहीत तर जुन्या बॉक्सचा चुरा तिथेच बसलेला असतो आणि तो थेट नव्या बॉक्समध्ये जातो, हे फार लोक विसरतात. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसत असेल तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय, गाडी चालवूच नका.

जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये केबल आणि व्हॅक्यूम बघा. जनरल मोटर्सचा ७००आर४ हा बॉक्स १९८२ पासून आला, त्याची टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्हची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते बॉक्सला कळवणारी) ढिली राहिली तर आतलं प्रेशर कमी पडतं आणि क्लच थोड्याच चालण्यात जळतात, म्हणजे चांगला बॉक्स आपण हाताने मारतो. व्हॅक्यूम मॉड्युलेटरवाल्या (इंजिनच्या हवेच्या ओढीवरून गिअरचं प्रेशर ठरवणारी डबी असलेल्या) बॉक्सची नळी निघाली असेल तर गिअर उशिरा आणि झटका देऊन पडतात, आणि नळीत ऑइल सापडलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय.

मॅन्युअल असेल तर क्लच प्लेट उलटी बसली का, हायड्रॉलिकमध्ये हवा राहिली का, रिलीज बेअरिंगची (क्लच दाबून सोडवणाऱ्या बेअरिंगची) क्लिप बसली का, एवढं बघा. बसवताना बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिलं तर प्लेट वाकते आणि मग क्लच पूर्ण सुटतच नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-४ दर्जाचं ऑइल लिहिलेलं असेल तिथे जीएल-५ टाकलं तर काही बॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा खराब होतात.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत कुठल्याच गिअरमध्ये हालचाल नाही असं दिसलं तर आधी बघा चाकाला ताकद नेणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल. आतली क्लिप खटकन बसली नसेल तर अ‍ॅक्सल बाहेर सरकतो, डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला देतं आणि गाडी उभीच, बॉक्स मात्र चांगला असतो.

कॉम्प्युटर असलेल्या गाडीत स्कॅनर लावा. पी०७३० हा एरर कोड म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, ते घसरण्यामुळे येतं तसं चुकीच्या फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं गुणोत्तर वेगळं असलेला) बॉक्स बसल्यानेही येऊ शकतं, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बॉक्सवरचा कोड आधीच मिळवायचा असतो. जुन्या झिजलेल्या बॉक्सवर शिकलेलं सेटिंगही स्कॅनरने पुसा, सगळ्या गाड्यांत बॅटरी काढून ते जात नाही.

एवढं सगळं ठीक निघालं की मग ऑटोमॅटिकची पॅन (बॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट, त्यात चुंबक असतो) खोला. चुंबकावर बारीक करडा लगदा चालतो, पण चकाकते तुकडे, पितळेचे कण किंवा जळका वास असेल, आणि गेजवर लाइन प्रेशरही (बॉक्सच्या आतलं ऑइलचं प्रेशर) कमी येत असेल, तर बॉक्सच खराब आहे आणि तो उतरवावाच लागेल. त्या वेळी पुढचं सील आणि फिल्टर नवीन टाकूनच दुसरा वर चढवा.