शेठ एक, पेढ्या तीन : ग्राहकांचा डेटाबेस कसा बांधावा

मी दांडिया बाजारात बसते आणि करसल्लागारांना ग्राहकांचे डेटाबेस बांधून देते. आमचा बडोद्याचा ग्राहक कसा असतो ते आधी ऐका. मकरपुरा जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) एक शेठ धाकट्या भावाबरोबर भागीदारीत कारखाना चालवतात, साडूबरोबर एका कंपनीत संचालक आहेत आणि घरच्या एचयूएफचे, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचे, कर्तेही तेच. वहिनी कारखान्यातही भागीदार, कंपनीतही संचालक. हे सगळं एक्सेलच्या एका शीटमध्ये बसवून दाखवा.

बहुतेक जण ‘पेढी १’, ‘पेढी २’, ‘पेढी ३’ असे रकाने पाडतात. कायद्याने एक माणूस २० कंपन्यांवर संचालक राहू शकतो, भागीदारी पेढीत ५० भागीदार चालतात. पाडा किती पाडता रकाने! काही जण एकाच खान्यात स्वल्पविराम देत नावं कोंबतात. ते तर त्याहून वाईट, कारण वहिनी कुठे कुठे आहेत हे शोधायला प्रत्येक ओळीतली अक्षरं धुंडाळावी लागतात.

तक्ते तीन करा : व्यक्ती, पेढी आणि नातं. कोणाची नोंद कुठे, अशी शंका आली तर पॅनचं चौथं अक्षर बघा. पी म्हणजे माणूस. एफ भागीदारी, सी कंपनी, एच एचयूएफ, हे तिन्ही पेढीत. पण पॅनला मुख्य की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, करू नका. नव्या पेढीचं काम पॅन यायच्या आधीच टेबलावर येतं. मोबाइलला तर मुळीच नको, अख्ख्या घराचा नंबर एकच असतो. आपला साधा अनुक्रमांक द्या.

तिसरा तक्ता लागतो की नाही, हे दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारून ठरवा. एका माणसाच्या अनेक पेढ्या? हो. एका पेढीत अनेक माणसं? हो. मग लागतो. जीएसटी क्रमांकाचं तसं नाही. गुजरातचा २४ ने, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा, असे एका पेढीचे अनेक क्रमांक असतील, पण प्रत्येकाच्या पोटात पॅन एकच. तिथे जीएसटीच्या तक्त्यात पेढीचा क्रमांक लिहिला की पुरे.

आता ‘नातं’. यात व्यक्ती-क्रमांक आणि पेढी-क्रमांक तर हवेतच, पण खरा माल पुढे आहे : भूमिका, हिस्सा, पासून, पर्यंत. वहिनींचा ३० टक्के हिस्सा ना एकट्या वहिनींचा गुण, ना एकट्या पेढीचा. तो दोघांच्या नात्याचा आहे, म्हणून त्याची जागा इथेच. भागीदार निवृत्त झाला तर ओळ पुसू नका, ‘पर्यंत’मध्ये तारीख टाका. जुन्या वर्षाची नोटीस आली की पहिला प्रश्न असतो, तेव्हा भागीदार कोण होते? निवृत्त झालेला माणूस परतही येतो, म्हणून फक्त दोन क्रमांकांची की पुरत नाही. व्यक्ती, पेढी, भूमिका आणि ‘पासून’ अशी चौघांची करा. तिच्यात व्यक्ती आधी येते, त्यामुळे पेढीकडून शोध घेताना ती की फारशी कामाची नाही; पेढी-क्रमांकावर वेगळा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, ठेवा.

‘नातं’मधल्या दोन्ही क्रमांकांना फॉरेन की लावा, म्हणजे मूळ तक्त्यात नसलेला क्रमांक इथे लिहिताच येणार नाही, आणि नातं शिल्लक असताना व्यक्ती किंवा पेढी पुसायला मनाई ठेवा. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल तर फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शनवर ती चालू करावी लागते.

बेरजेत मात्र जपा. पेढीची फी १२,००० आणि भागीदार तीन. तिन्ही तक्ते जोडून बेरीज मारलीत तर ३६,००० येतात आणि करसल्लागार सर त्या दिवशी फार खूष असतात! फीची बेरीज पेढीच्या तक्त्यावरच करा, नात्याला मध्ये आणू नका.

जुना डेटा भरून झाला की लेफ्ट जॉइनने (जोड न सापडलेल्या ओळीही दाखवणारी जोडणी) एकही नातं नसलेल्या पेढ्या शोधून काढा. त्यात दोनदा टाइप झालेली नावं हमखास सापडतात.