कलाटणीच्या कथा वाचताना शेवट कळतो, पण माणूस निसटतो: या चुका टाळा

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरात आम्ही आठ-दहा जण कथा वाचायला जमतो. बारावीची मुलं असतात, निवृत्त मंडळी असतात, कॉलेज रोडला क्लास घेणारी एक शिक्षिका असते. गेल्या पावसाळ्यात फ्रेंच कथाकार मोपासाँची 'द नेकलेस' घेतली होती. मातिल्द एका समारंभासाठी मैत्रिणीचा हार उसना आणते आणि तो हरवतो, अशी ती गोष्ट. वाचून संपताच एक मुलगी म्हणाली, "शेवटी कळतं की हार खोटा होता. मातिल्द लोभी होती, तिला शिक्षा मिळाली." मी विचारलं, "आणि तिचा नवरा कसा वाटला?" ती गप्प. बाकीचेही गप्प. बंदूक घ्यायची म्हणून साठवलेले ४०० फ्रँक ज्यानं बायकोच्या पोशाखासाठी काढून दिले, तो माणूस कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता.

मला याचं फार वाईट वाटतं. या कथांवर माझा जीव आहे. उखाण्याचं उत्तर सापडावं तसा शेवट सापडला की आपण पुस्तक बाजूला ठेवतो. पण अशा कथेचा शेवट तिच्यातल्या माणसांच्या स्वभावातून उगवलेला असतो. माणूस नीट पाहिला नाही तर हातात फक्त धक्का उरतो, आणि धक्का दुसऱ्या दिवशी ओसरतो.

वर्षानुवर्षं वाचकांच्या ज्या चुका पाहत आले त्या इथं मांडते आहे. कथांचे शेवट उघड केल्याशिवाय हे सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांनी आधी कथा वाचाव्यात.

एकदाच वाचून थांबणं

त्या रविवारी कोपऱ्यात एक काका बसले होते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं सराफ बाजारातल्या एका पेढीवर गेली. कथा-कादंबऱ्यांच्या वाटेला ते निवृत्तीनंतरच आले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मला मध्येच शंका आली होती. तो सराफ म्हणतो ना, डबी माझी असेल पण हार माझ्याकडचा नाही. तिथंच मी थांबलो."

आम्ही पानं उलटली. वाक्य होतं. हार हरवल्यावर नवरा-बायको डबीच्या आतलं नाव वाचून त्या सराफाकडे जातात. तो आपल्या वह्या पाहतो आणि सांगतो, हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार. काकांचं म्हणणं असं, की एवढा मोलाचा हिऱ्यांचा हार ज्या पेढीवर घेतला तिथलीच डबी त्याच्यासोबत येते. "नुसती डबी कोण नेतं? ज्याला बेंटेक्स ठेवायचंय तो."

एवढ्यानं हार खोटा आहे हे सिद्ध होत नाही. पण दार किलकिलं होतं, आणि ते मोपासाँनं कथेच्या मधोमध, सगळ्यांसमोर उघडलं आहे. हार हरवल्याच्या काळजीत आपण मातिल्दसोबत इतके धावत असतो की त्या दाराशी थांबत नाही. ही कथा मी कितीदा तरी शिकवली आहे आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यावरून पुढे गेले आहे.

मग आम्ही सगळ्यांनी पेन्सिली घेऊन पुन्हा वाचली. मातिल्दनं हार मागताच तिची मैत्रीण फोरेस्तिएबाई तो किती सहज देऊन टाकते पाहा. पहिल्या वाचनात तो मैत्रिणीचा उदारपणा वाटला होता. हार परत आल्यावर फोरेस्तिएबाई जरा तुटकपणे म्हणतात की लवकर आणायला हवा होता, मला लागला असता. पण डबी उघडून पाहत नाहीत. पहिल्यांदा आपण मातिल्दच्या बरोबरीनं सुटकेचा श्वास सोडतो. दुसऱ्यांदा तेच वाक्य काळजात रुततं.

म्हणून शेवट वाचला की पुस्तक मिटू नका. लगेच पहिल्या पानावर या. लेखकानं आधी काय काय सांगून ठेवलं होतं, तिथं खुणा करा. अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीच्या 'द लास्ट लीफ'मध्ये वारा सुटलेला असताना भिंतीवरचं ते एक पान हलत कसं नाही? (ते रंगवलेलं असतं.) इंग्रजी कथाकार साकीच्या 'द ओपन विंडो'तली पंधरा वर्षांची मुलगी गोष्ट रचण्याआधी पाहुण्याला विचारून घेते: इथली कुणी ओळखीची आहेत का, या घराच्या मालकिणीबद्दल काही माहिती आहे का? दोन्हीला नकार मिळाल्यावरच ती तोंड उघडते. अशा खुणा शोधूनही सापडल्या नाहीत, तर लेखकानं फसवलं असं खुशाल म्हणा. पण आधी शोधा.

माणूस एका शब्दात गुंडाळणं

'स्वभावचित्रण करा' या प्रश्नाची ही सवय आहे. मातिल्द लोभी, डेला प्रेमळ, अमका स्वार्थी. शब्द सापडला की विचार थांबतो.

मातिल्दला श्रीमंतीची हाव आहे, हे खरंच. पण हार हरवल्यावर ती काय करते? नवरा वडिलांकडून आलेले १८,००० फ्रँक घालतो, उरलेले कर्जानं उभे करतो, आणि ३६,००० फ्रँकचा हार घेऊन परत केला जातो. मग ही नाजूक हातांची, मखमलीची स्वप्नं पाहणारी बाई मोलकरीण काढून टाकते, छपराखालच्या खोलीत राहायला जाते, भांडी घासते, कपडे धुते, पाणी जिने चढून वर नेते, एकेका पैशासाठी घासाघीस करते. दहा वर्षं. कर्ज फिटेपर्यंत. 'लोभी' या शब्दात ही बाई मावते का?

अजून एक जागा आहे, आणि माझ्या मते सगळी कथा तिथं तोललेली आहे. दहा वर्षांनी शाँझेलिझेवर फोरेस्तिएबाई भेटतात. मातिल्द त्यांना सगळं सांगते, मी दुसरा हार आणून दिला आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. हे सांगताना ती हसते. त्या हसण्यात अभिमान आहे, भाबडा आनंद आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे स्वतःचं, कष्टानं कमावलेलं, कुणाकडून उसनं न आणलेलं असं काहीतरी आहे. आणि पुढच्याच क्षणी कळतं की मूळ हार जेमतेम ५०० फ्रँकचा होता. शेवटचा घाव पैशावर पडत नाही, तो त्या हसण्यावर पडतो. हे हसू ज्यानं पाहिलं नाही त्यानं शेवट वाचला असं मी म्हणणार नाही.

आणि नवरा? हाराचा फासा तुटलाय, दुरुस्तीला दिलाय, असं मैत्रिणीला लिहून पाठव हे तोच सुचवतो. वेळ मिळावा म्हणून. खरं सांगायची वेळ तिथंच निघून जाते. तो भला माणूस आहे, पहाटे पायी फिरून हार शोधणारा, आणि तरी त्याच्या त्या एका सल्ल्यानं दोघांची दहा वर्षं बांधली गेली. म्हणून 'तिला शिक्षा मिळाली' हे वाक्य अपुरं पडतं.

यावर सोपा उपाय आहे. पात्राबद्दल जो शब्द सुचला तो वहीत लिहा, आणि त्याच्याशी न जुळणारी त्या पात्राची एक तरी कृती कथेतून शोधून खाली लिहा. न जुळणाऱ्या कृतीपाशीच बहुतेक वेळा माणूस सापडतो. ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'मध्ये डेला नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायला आपले केस विकते, आणि जिम तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला तेच घड्याळ विकतो. ती वाचून "दोघंही वेडी" म्हणणाऱ्यांनाही मी हेच करायला लावते. केस विकल्यावर डेला घाबरते ती कशाला? आता मी त्याला आवडेन ना, या एका भीतीला. मग जिमनं आणलेले ते कंगवे निरर्थक राहत नाहीत.

कुणाला काय ठाऊक आहे, ते न तपासणं

कलाटणी म्हणजे माहितीची वाटणी. वाचकाला काय माहीत, पात्राला काय माहीत आणि कधीपासून, एवढं कागदावर मांडलं की निम्मा गुंता सुटतो.

ओ. हेन्रीचीच 'आफ्टर ट्वेंटी इयर्स' घ्या. वीस वर्षांपूर्वी ठरल्याप्रमाणे बॉब दोस्ताची वाट पाहत दारात उभा आहे. गस्तीचा पोलीस येतो, दोन शब्द बोलतो, निघून जातो. शेवटी चिठ्ठीतून कळतं की तो पोलीसच दोस्त जिमी होता. काडीच्या उजेडात त्यानं शिकागोत हव्या असलेल्या आरोपीचा चेहरा ओळखला आणि स्वतःच्या हातानं पकडवेना म्हणून साध्या वेशातला दुसरा माणूस पाठवला.

आता मागे जा. काडी पेटल्यापासून जिमीला सगळं माहीत आहे. जाताना तो विचारतो, मित्र वेळेवर आला नाही तर लगेच निघणार का? पहिल्या वाचनात हा रिकामटेकडा प्रश्न आहे. दुसऱ्या वाचनात त्यात पोलीस आहे, कारण आरोपी किती वेळ थांबेल हे त्याला हवंय. आणि त्यात मित्रही आहे, कारण हा अजून माझी किती वाट पाहील, हेही त्याला कळायला हवंय. जिमी कर्तव्यनिष्ठ की दगाबाज, यावर वर्गात तासभर वाद होतो. तो ठरलेल्या जागी वेळेवर आला होता, हे मात्र सगळे विसरतात.

याच्या अगदी उलटी रचना आपल्या मातीतल्या एका कथेत आहे. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. संग्रह १९६३ साली आला. इथं गुपित शीर्षकातच सांगून टाकलंय. वाचकाला पहिल्या ओळीच्या आधीपासून माहीत आहे, अंधारात आहेत ती भोवतालची माणसं. त्यामुळे 'काय उघड होणार' हा प्रश्नच नसतो. 'कधी' आणि 'मग काय' यानं जीव टांगणीला लागतो. जात उघडी पडते, नायक मार खातो, आणि तरी शेवट हादरवतोच, कारण मारणाऱ्या माणसांकडे बोट न दाखवता तो म्हणतो की मला मनूनं मारलं. माहिती नवी नाही, माणूस नवा दिसतो. शेवट हादरवायला गुपित लागतंच असं नाही, हे शिकायला याहून चांगली कथा मला ठाऊक नाही.

आधी सारांश वाचणं

शेवट आधी कळला म्हणून फार बिघडत नाही. बिघडतं ते सारांशात कापलेल्या वाक्यांमुळे. डबीबद्दल बोलणारा सराफ गाईडमध्ये नसतो, कारण तो वगळला तरी 'गोष्ट' पूर्ण राहते. संक्षिप्त आवृत्तीवर विसंबू नका. पूर्ण अनुवाद मिळवा.

प्रत्येक कथेत कलाटणी शोधणं

दोन-तीन अशा कथा वाचल्या की चटक लागते. मग प्रेमचंदांची 'ईदगाह' वाचून मुलं विचारतात, यात ट्विस्ट कुठाय? हमीद तीन पैशांत खेळणं न घेता आजीसाठी चिमटा घेतो हे जत्रेतच कळलेलं असतं. शेवटी आजी रडते, आणि ती का रडते ते त्या पोराला कळत नाही. तिथं फक्त हळू वाचायचं.

कथा संपल्यावर पुढचं विचारणं

"मग तिला पैसे परत मिळाले का?" हा 'नेकलेस'वरचा ठरलेला प्रश्न. मोपासाँनं फोरेस्तिएबाईंच्या वाक्यावर कथा सोडली, पुढे एक अक्षर लिहिलं नाही. तिथून पुढे जायला वाटच नाही. मागे जायला मात्र हव्या तेवढ्या वाटा आहेत.

त्या दिवशी उठता उठता सराफ बाजारातल्या काकांनीच अशी एक वाट दाखवली. चष्मा पुसत ते म्हणाले, "ताई, दहा वर्षं खरे हिरे त्या बाईंच्या घरात होते. दहा वर्षांत एकदाही त्यांनी तो हार कुणा सराफाला दाखवला नसेल? पॉलिशला नाही, फासा बसवायला नाही?"

मघाशी 'लोभी' म्हणणारी मुलगी पटकन म्हणाली, "कशाला दाखवतील? त्यांच्या लेखी तो खोटाच होता ना."

पुढचा रविवार आम्ही फोरेस्तिएबाईंना दिला.