बालेवाडीला निघण्याआधी: एअर रायफलच्या लेकरांसाठी तयारीची यादी

स्पर्धेला तीन आठवडे राहिलेत, म्हणजे छर्‍यांचं काम आजच काढायचं. जॅकेट, कागदपत्रं, गाडीची तिकिटं शेवटच्या आठवड्यात उरकतात. छर्रे उरकत नाहीत. लातूरच्या आमच्या छोट्या रेंजवर मी पालकांना पहिल्या दिवसापासून हेच सांगते, तरी दरवर्षी कुणीतरी आदल्या दिवशी नवा डबा फोडतंच.

परदेशात रायफलवाले हौशी लोक काडतूस स्वतः भरतात, बंदुकीची दारू तोलतात, आपल्या नळीला जे मानवेल ते बनवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं शस्त्र कायदा १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि एअर रायफलला दारू लागतच नाही. आपल्या हातात राहते ती फक्त निवड, म्हणून ती जीव लावून करायची. १० मीटरवरच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि आपला छर्रा साडेचार मिलिमीटरचा. लेकरानं सगळं बरोबर केलं आणि छर्‍यानं दगा दिला, तर त्याला वाटतं आपलंच चुकलं. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं.

तर आधी लॉट ठरवा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या छर्‍यांचा गट. डब्यावर डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५० असं, आणि लॉटचा नंबर असतो. माप तेच असलं तरी लॉट बदलला की नळीचं वागणं बदलतं. दोन-तीन लॉटचा एकेक डबा आणा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवा आणि प्रत्येक लॉटचे दहा-दहा छर्‍यांचे पाच ग्रुप मारा (एकाच नेमावर मारलेले दहा म्हणजे एक ग्रुप). लॉट बदलल्यावर पहिले पंधरा-वीस मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. दहा छर्‍यांचं भोक बाहेरून साडेपाच मिलिमीटरच्या आत येत असेल तर मी तो लॉट घेते. एकच ग्रुप सुंदर आला म्हणून भुलू नका, पाचही बघा. पसंत पडला की त्याच नंबरचे चार-पाच डबे एकदम घ्या. एका वर्षी आमच्या दुकानदाराकडचा लॉट संपला, त्यानं ‘तेच आहेत’ म्हणून दुसरा दिला आणि मी नंबर न बघता घेतला. पोरीचे छर्रे दोन दिवस खाली डावीकडे जात होते आणि मी तिचा श्वास तपासत बसले होते.

मग छाननी. पांढर्‍या कापडावर छर्रे पसरा आणि टॉर्च आडवा धरून मागची झालर, म्हणजे छर्‍याची मागची पसरट कडा, बघा. शिसं मऊ असतं, डबा एकदा पडला तरी कडा दबतात. दबलेला, टवका गेलेला, कडेला तार राहिलेला छर्रा सरावाच्या डब्यात. नंतर थोड्या तिरक्या काचेवरून एकेक घरंगळू द्या. पुढचा आणि मागचा घेर सारखा नसल्यानं छर्रा वळण घेत जातो. जो इतरांपेक्षा वेगळं वळण घेईल तो बाजूला. वजन शेवटी. स्पर्धेचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो, त्यामुळे मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि पंखा बंद हवा. पंख्याच्या वार्‍यानं काटा हलतो. आपल्याकडच्या उकाड्यात हे दुपारी जमणार नाही, पहाटे पाचला बसा. चहा नंतर.

छर्रे तोंडात धरायचे नाहीत, लहान मुलं धरतात. रेंजवर चिवडा, भेळ काही नाही, आणि घरी आल्यावर आधी साबणानं हात. शिसं अंगात साठतं. माऊल्यांनो, यात लाड करू नका.

हवेचं काम लहान, पण धोक्याचं. रायफलला दाबाची हवा देणार्‍या सिलिंडरवरची तारीख बघा, दहा वर्षं उलटलेला स्पर्धेत चालत नाही. २०० बार दाबाचा सिलिंडर उन्हात बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशांना भरलेला ६० अंशांना गेला तर दाब २२० च्या पुढे जातो, आणि ऑक्टोबरात आपल्याकडे बंद गाडी तेवढी तापायला वेळ लागत नाही.

प्रवासात रायफल कडक पेटीत, मांडीजवळ. ट्रॅव्हल्सच्या डिकीत नाही. मुरूड, बार्शी, टेंभुर्णी या वाटेवरच्या धक्क्यांनी साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, स्क्रू ढिले होतात, म्हणून निघण्याआधी प्रत्येक स्क्रूवर पेनानं एक रेघ मारून ठेवा. पोचल्यावर रेघ जुळते का बघायची. ॲलन की, नळी रिकामी असल्याचं दाखवणारी नळीभर लांबीची सेफ्टी दोरी, रायफलचं बिल, आधार कार्ड आणि प्रवेशपत्र एकाच पिशवीत.

इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेआधीच्या सामानाच्या तपासणीला, घाबरायचं नाही, पण घरी मोजून जायचं. रायफल साडेपाच किलोच्या आत, जॅकेटचं कापड अडीच मिलिमीटरच्या आत. घामानं भिजून वाळलेलं जॅकेट कडक होतं आणि तपासणीत अडकतं, म्हणून आठवडाभर आधी ते सावलीत पसरून ठेवा. झोप आणि जेवण याबद्दल एवढंच, की पुण्यात नवं काही खाऊ नका. भाकरी-पिठलं बांधून न्या.

आता छर्‍यांची शेवटची मांडणी. निवडलेले छर्रे भोकं असलेल्या फोमच्या पेटीत उभे लावा. एका पेटीत नेमके ६०, दुसर्‍या पेटीत तयारीच्या पंधरा मिनिटांसाठी ३०, आणि फायनलसाठी तिसरी, तिच्यात पहिल्या आठात येण्याच्या भरवशानं ३० भरून ठेवा. तयारीचे छर्रे सुद्धा त्याच लॉटचे, त्याच छाननीतले. उरलेसुरले तिथे खपवायचे नाहीत, कारण साइट त्यांच्यावरच लागते. ६० ची पेटी ‘स्टार्ट’ म्हटल्यावरच उघडायची. मग ७५ मिनिटांत कितवा शॉट झाला हे आठवत बसावं लागत नाही. पेटीतली रिकामी भोकं आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नसेल तर नळीत एकावर एक दोन छर्रे गेलेत का, हे ट्रिगरला बोट लावण्याआधी बघायचं, आणि शंका आली तर हात वर करून अधिकार्‍यांना बोलवायचं.