चाकरमानी पोहोचायच्या आत: कोकणातल्या घरात नेत्रदान कसं पार पाडावं

कोकणात घरातलं माणूस गेलं की पहिला फोन मुंबईला जातो. लेक-सुना, भाऊ निघतात आणि ते येईपर्यंत अंत्यसंस्कार थांबतात. नेत्रदानाला लागणारा वेळ याच थांबण्यात मिळतो, आणि बहुतेक घरांत तो असाच निघून जातो. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पथक घरी पोहोचलं की पुढचं काम अर्ध्या तासाचं असतं. त्यामुळे प्रेत उचलायला उशीर होईल ही भीती आपल्याकडे तरी खरी ठरत नाही. उशीर होतो तो आपणच फोन करायला वेळ लावतो म्हणून.

म्हणून तयारी आधी, सगळे धडधाकट असताना करावी. अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस, जो तुमचा जिल्हा असेल तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात एकदा फोन करा. आमच्या तालुक्यात कोणत्या नेत्रपेढीचं पथक येतं आणि रात्री-अपरात्री फोन कोण उचलतं, हे दोन प्रश्न नेमके विचारा. परशुराम घाटात दरड आली तर पथक कुठून येईल, हेही विचारून ठेवा; पावसाळ्यात हा प्रश्न फुकटचा नाही. नंबर मोबाइलमध्येच ठेवू नका. मोबाइलवाला माणूस नेमका रेंज नसलेल्या वाडीत असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि आशाताईंनाही देऊन ठेवा.

त्याच फोनवर घरातल्या आजीच्या मोतीबिंदूचं विचारून घ्या. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. लहान मूल हाकेला वळत नसेल तर मात्र शिबिराची वाट पाहू नका, लगेच तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

आता संमती. नेत्रदानाचा फॉर्म भरला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. फॉर्म जरूर भरा, पण त्या क्षणी हो म्हणायचं असतं घरच्यांना, आणि त्यांना तुमची इच्छा माहीतच नसेल तर तो कागद कपाटातच राहतो. उलट, फॉर्म भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊन नेत्रदान करू शकतात. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर असतो, अनेकदा गणपतीच्या आगेमागे. सगळं घर एकत्र असतं तेव्हा, आरतीनंतर ओटीवर बसून, स्पष्ट सांगा: ‘माझे डोळे द्यायचे, मुंबईकरांसाठी थांबायचं नाही.’ घरातलं कोणी म्हणेल की पुढच्या जन्मी आंधळेपण येतं. त्यांच्याशी वाद घालू नका. चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या मिटलेल्याच राहतात, एवढं शांतपणे सांगा. बहुतेकांची खरी धास्ती तीच असते.

वय आड येत नाही. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यांतलं काहीही असलं तरी फोन करावा. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा कारणांत डोळे घेत नाहीत. तो निर्णय पथकाचा. आपण आधीच नाही म्हणून टाकू नये.

प्रत्यक्ष वेळ आली की हे करा. एकाने नेत्रपेढीला फोन लावावा, दुसऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं, कारण मृत्यूचा दाखला लागतो. पापण्या मिटवा, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा आणि तो वाळू देऊ नका. डोक्याखाली उशी द्या. आणि पंखा बंद करा. मे महिन्याच्या उकाड्यात, माणसांनी भरलेल्या माजघरात हे करणं जड जातं, पण वाऱ्याने कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सुकतो आणि सगळी धडपड वाया जाते. गर्दी पडवीत बसवा. पत्ता सांगताना वाडीचं नाव, जवळचं देऊळ, गाडी कुठवर येते ते सांगा आणि एक पोरगा बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

अपघात, सर्पदंश किंवा बुडून मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन होतं. अशा वेळी पोलिसांना आणि डॉक्टरांना सुरुवातीलाच नेत्रदानाची इच्छा कळवा, त्यांची परवानगी लागते.

पथक संमतीपत्रावर साक्षीदारांसमोर सही घेईल, तपासणीसाठी थोडं रक्त घेईल. प्रशिक्षित तंत्रज्ञालाही हे काम करता येतं, तेव्हा डोळ्यांचे सर्जन आले नाहीत म्हणून बिचकू नका. पैसे कोणी घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत; 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो गुन्हा आहे. दोन कॉर्निया सहसा दोन वेगळ्या माणसांना बसवतात. त्यांची नावं सांगत नाहीत.

ज्यांना ते बसवतात त्यांतले काही आपल्यासारखेच शेतकरी असतात. भात झोडताना कुसळ किंवा पात डोळ्यात लागते, जखमेत बुरशी होते आणि बुबुळावर फूल पडतं. अशा डोळ्यात दूध, मध, किंवा दुकानातून विचारून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. शेतावर साधा चष्मा लावला तरी फरक पडतो.

नेत्रपेढीचं प्रमाणपत्र नंतर घरी येतं. ते बाराव्या-तेराव्याला जमलेल्या भावकीला दाखवा आणि नेत्रपेढीचा नंबर तिथल्या तिथे उतरवून घ्यायला सांगा.