एसीचा ‘हिरवा’ गॅस निवडताना या चुका टाळा

मार्च सरत आला की जळगाव, भुसावळ, अमळनेरकडून एसीच्या चौकशा सुरू होतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांत एक प्रश्न हमखास असतो: ‘‘मिस्तरी, आमच्या जुन्या एसीत तो पर्यावरणाचा गॅस मारून देता का?’’ विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी रागावत नाही. परंतु हा प्रश्न ऐकून लगेच होकार देणारे कारागीर पाहिले की मात्र राग आवरत नाही. एसीतला गॅस हा टाकीत ओतायच्या पेट्रोलसारखा नसतो. कॉम्प्रेसरची ताकद, त्यातले तेल, नळ्यांची जाडी, कॅपिलरीची (गॅसचा प्रवाह आवळणाऱ्या बारीक नळीची) लांबी आणि बाहेरच्या पेटीतली वायरिंग हे सगळे एका ठरावीक गॅससाठी बेतलेले असते.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच, की यंत्राच्या पाटीवर एक गॅस छापलेला असताना आत दुसराच भरणे. आर-२२ या जुन्या गॅसच्या यंत्रात आर-३२ हा नवा गॅस भरणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला आहे. कंडेन्सरमधला (बाहेरच्या पेटीतल्या, उष्णता सोडणाऱ्या कॉइलमधला) गॅस ६० अंशांवर असेल, तर आर-२२चा दाब साधारण ३४० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो आणि आर-३२चा ५५०च्या आसपास जातो. पंधरा वर्षे खान्देशचे ऊन खाल्लेली तांब्याची नळी तो भार पेलेल, असे मानण्याला धाडस म्हणत नाहीत. आर-२९० म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा गॅस; त्याचा दाब मात्र आर-२२च्या जवळचा, किंबहुना थोडा कमीच असतो, त्यामुळे तो जुन्या यंत्रात गुपचूप चालून जातो आणि खरा धोका तिथेच असतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एका कापड दुकानाच्या गच्चीवर मी गळती काढायला गेलो होतो. दीड टनाचा स्प्लिट होता, पाटीवर आर-२२ स्पष्ट छापलेले होते आणि गळती कंडेन्सरच्या वळणावर होती. उरलेला गॅस मी सोडून दिला (तेव्हा आम्ही सगळेच सोडत होतो, हे कबूल करतो), गेजचा काटा शून्यावर आला आणि दुसऱ्या दुकानाची घाई असल्यामुळे नळीतून नायट्रोजन (न पेटणारा वायू) न फिरवताच मी वळणाला टॉर्च लावली. जुना सांधा वितळून सुटला, तसा हातभर लांबीचा जाळ फसकन बाहेर आला. उजवी भुवई आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे केस गेले, सावलीसाठी बांधलेले गोणपाट पेटले आणि दुकानदार आप्पांनी जिन्यातला माठ उचलून त्यावर ओतला. ‘‘काय व्हयनं, मिस्तरी?’’ असे ते विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आर-२२ असा पेट घेत नाही.

उत्तर दोन दिवसांनी मिळाले. आदल्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणीतरी ‘बिल कमी येईल, ओझोनलाही चांगला’ असे सांगून त्यात हायड्रोकार्बन, म्हणजे प्रोपेनच, भरला होता आणि पाटीवर त्याची साधी नोंदही केली नव्हती. बिल कमी येते हे खोटे नव्हते. त्याच कॉम्प्रेसरवर आर-२९० चालवला की अँपिअर कमी दिसतात. मात्र गारवाही कमी होतो, हे कोणी सांगत नाही. गेज शून्य दाखवत होते तरी जाळ कसा झाला, याचे कारण असे की प्रोपेन खनिज तेलात चांगला विरघळतो आणि दाब गेल्यावरही तेलातून हळूहळू सुटत राहतो. गेजवर तो ओळखू येत नाही. ४० अंशांना बंद यंत्रात आर-२२चा दाब सुमारे २०८ आणि आर-२९०चा सुमारे १८४ पीएसआय असतो. थोडी हवा मिसळलेली असेल, तर हा फरक कुठल्या कुठे हरवतो. शिवाय आर-२२च्या पेटीतला कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) ठिणगी उडवतो, तर आर-२९०साठी बनवलेल्या यंत्रात अशा ठिणग्यांचा बंदोबस्त कारखान्यातच केलेला असतो.

तेव्हापासून अनोळखी यंत्राची नळी मी टॉर्चने सोडवत नाही. आधी पाइप कटरने कापतो, नायट्रोजन फिरवतो आणि मगच ब्रेझिंग (टॉर्चने सांधा जोडणे) करतो. काम संपल्यावर पेटीच्या आतल्या बाजूला मार्करने गॅसचे नाव, वजन आणि तारीख लिहितो. माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुले या लिहिण्याला हसतात. त्यांच्यापैकी एकाचीही भुवई अजून जळालेली नाही.

दुसरी चूक खरेदीच्या वेळची आहे. ‘ओझोनला अपाय नाही’ असा शिक्का पाहून लोक समाधानाने पैसे मोजतात. आर-४१०ए या गॅसमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे तो ओझोनला धक्का लावत नाही हे खरे. पण उष्णता धरून ठेवण्यात त्याचा १ किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,१०० किलोंबरोबर धरतात. आर-३२साठी हा आकडा ६७५ आहे आणि आर-२९०साठी एक आकडी. ४१०एचा एक किलो हवेत जाऊ देणे म्हणजे नऊशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे, अर्थात मोटारसायकल चाळीस हजार किलोमीटरांहून अधिक पळवण्यासारखे आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार (असे तापवणारे गॅस घटवण्याच्या जागतिक करारानुसार) भारतात अशा गॅसांची कपात २०३२पासून सुरू व्हायची आहे, आणि आज घेतलेला एसी तोवर घरात असणारच, तेव्हा दुरुस्तीच्या गॅसची किंमत कोणत्या बाजूला जाईल याचा हिशेब ग्राहकाने स्वतः करावा. आर-२२चे तर नवे यंत्रच नको. २०२५पासून भारतात नव्या यंत्रांच्या उत्पादनातून तो हद्दपार झाला आहे, त्यामुळे कोणी ‘कंपनीचा जुना स्टॉक आहे’ म्हणून स्वस्तात देऊ लागला, तर नमस्कार करून पुढे जावे.

तिसरी चूक अशी, की लोक गॅस पुण्या-मुंबईच्या हवेत निवडतात आणि वापरतात भुसावळच्या. यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. प्रत्येक गॅसचे एक तापमान असते, ज्याच्या वर कितीही दाबले तरी त्याचा द्रव होत नाही. आर-४१०एसाठी ते सुमारे ७१ अंश आहे, आर-३२साठी ७८, आर-२२ आणि आर-२९० या दोघांसाठी ९६-९७. आता आपल्याकडचा हिशेब करू. मे महिन्यात सावलीतला पारा ४५वर असतो. बाहेरची पेटी पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याच्या वळचणीखाली, तीन बाजूंनी कोंडलेली असेल, तर तिच्या तोंडाशी येणारी हवा सहज ५२-५५ अंशांची असते. कंडेन्सर त्याहून बारा-पंधरा अंश अधिक तापतो, म्हणजे तो ६५-७०पर्यंत पोहोचला. आर-४१०ए इथे आपल्या मर्यादेला टेकतो, गारवा घटतो, अँपिअर चढतात, आणि हे नेमके दुपारी तीन वाजता घडते, जेव्हा व्होल्टेजही पडलेले असते. मग घरमालक म्हणतो, ‘‘गॅस कमी झाला असेल, थोडा वाढवा.’’ गॅस कमी झालेला नसतो. वरून वाढवला की दाब आणखी चढतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होऊ लागतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: खान्देशात नवे यंत्र घेताना ४१०ए टाळावा. आर-३२ त्याहून बरा, मात्र त्यात कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस अधिक गरम असतो, त्यामुळे अर्धवट भरलेले यंत्र तो लवकर मारतो. खोली आणि बसवणारा माणूस दोन्ही योग्य असतील, तर उष्म्यात आर-२९० सर्वांत सरस ठरतो. दुकानदाराला ३५ अंशांवरची नव्हे, तर ४६ अंशांवरची क्षमता विचारावी. उत्तर देता आले नाही, तर दुसऱ्या दुकानात जावे. पेटी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, मागे वीतभर आणि पुढे चार-पाच फूट मोकळी जागा ठेवून लावावी. वर सावली करावी, पण तिला कपाटात कोंडू नये. जिनिंगजवळ घर असेल, तर कॉइलवर कापसाचा थर बसतो. तो न धुता गॅसला दोष देणे म्हणजे चष्मा न पुसता डोळ्यांना नावे ठेवणे आहे.

आर-२९० घेताना खोलीचे माप न काढणे ही चौथी चूक. दीड टनाच्या यंत्रात साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम गॅस असतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत तो सगळा गळला, तरी एका घनमीटरला जेमतेम १० ग्रॅम होतात, आणि पेट घ्यायला सुमारे ३८ लागतात. तोच हिशेब सहा बाय आठच्या देवघरात केला तर २५-२६ येतात. शिवाय प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, जिथे समई तेवत असते. अशा खोलीसाठी मी सरळ नकार देतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस हा ‘तोच तर आहे’ म्हणून भरणाऱ्यांशी तर मी वादही घालत नाही: त्यात ब्यूटेन आणि वासाचे रसायन मिसळलेले असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. व्हॅक्यूम पंप न लावता गॅस सोडून नळीतली हवा ‘ढकलणे’: पंप लावावा, गेज ५०० मायक्रॉनवर (जवळपास पूर्ण निर्वातावर) आणून पंप बंद केल्यावर ते टिकते का पाहावे, मी त्या वीस मिनिटांत चहा घेतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात टॉप-अप मारणे: साबणाचे पाणी दोन रुपयांत मिळते. दाबाची चाचणी ऑक्सिजनने करणे: तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो, हे वाक्य दोनदा वाचावे. गॅस अंदाजाने भरणे: वजनकाटा घ्यावा, विशेषतः आर-२९०साठी, कारण तो आर-२२च्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी लागतो. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बैठकीच्या खोलीला चांगला कूलर पुरत असेल, तर एसी फक्त झोपायच्या खोलीत लावावा. पाण्याइतका निरुपद्रवी गॅस अजून कोणी विकायला आणलेला नाही.

शेवटची चूक यंत्र मोडीत काढतानाची आहे. भंगारवाला पक्कड लावून नळी तोडतो आणि वर्षानुवर्षे सांभाळलेला किलोभर गॅस अर्ध्या मिनिटात गल्लीत सुटतो. मी रिकव्हरी मशीन घेऊन जातो, गॅस सिलिंडरमध्ये ओढतो आणि त्या कामाचे वेगळे पैसे सांगतो. दहापैकी सात-आठ जण म्हणतात, ‘‘भाऊ, भंगाराच्या मालावर अजून खर्च?’’ अशा वेळी मी पैसे न घेता गॅस काढून आणतो, कारण कापड दुकानाच्या गच्चीवर मी सोडलेला गॅस अजून माझ्या खात्यावर आहे.