आधी 'फायरफ्लाय', मग 'सेरेनिटी': कसं बघायचं

'सेरेनिटी' बघायचा म्हणतोय, असं कुणी म्हटलं की मी आधी त्याला थांबवते. २००५ चा हा सिनेमा नुसता बघितला तरी गोष्ट कळते. पण तो ज्या मालिकेवरून निघाला, त्या अंतराळातल्या 'फायरफ्लाय'चे १४ भाग पाहिलेले नसतील, तर त्यात जे घडतं ते नुसतं घडून जातं, काळजाला लागत नाही. आणि ते लागायलाच हवं.

पहिलं काम म्हणजे भागांचा क्रम तपासा. सप्टेंबर २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने सुरुवात केली ती दुसऱ्या भागापासून, 'द ट्रेन जॉब'पासून. सगळ्यांची ओळख करून देणारा मोठा पहिला भाग दाखवला थेट डिसेंबरात, मालिका गुंडाळताना. तीन भाग तर तेव्हा दाखवलेच नाहीत. म्हणून प्रसारणाच्या तारखांप्रमाणे लावलेली यादी बाजूला ठेवा आणि डीव्हीडीचा क्रम धरा. 'सेरेनिटी' पहिला, 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस' शेवटचा. इथे एक घोळ हमखास होतो: पहिला भाग, मालिकेतलं अंतराळयान आणि सिनेमा, तिन्हींचं नाव एकच. शोधताना साल बघा. २००५ दिसलं तर तो सिनेमा, त्याला इतक्यात हात लावू नका.

सबटायटल चालू ठेवा. यानावरची माणसं वेस्टर्नपटातल्यासारखी इंग्रजी बोलतात आणि चिडली की मँडरिनमध्ये, म्हणजे चिनी भाषेत, शिव्या देतात. त्या शिव्यांचे अर्थ शोधत बसायची गरज नाही, सूर पुरतो.

पहिला भाग शांतपणे बघा, हातात मोबाइल नको. वॉश यान चालवायच्या जागी बसून प्लॅस्टिकचे डायनोसॉर एकमेकांशी बोलायला लावतो, ते बघा. यानाचं इंजिन सांभाळणाऱ्या केलीला स्ट्रॉबेरी मिळते तेव्हा तिचा चेहरा बघा. त्या जगात ताजं फळ ही केवढी चैन आहे, हे कुणी भाषण देऊन सांगत नाही. माझी धाकटी जाऊ अंतराळयान दिसलं की उठून स्वयंपाकघरात जायची, ती या स्ट्रॉबेरीपाशी बसली ती बसलीच.

चौदाही भाग बघाच. तरी पाच भागांना झोप आवरत बघू नका: पहिला, 'बुशव्हॅक्ड', 'आउट ऑफ गॅस', 'एरियल' आणि शेवटचा. 'बुशव्हॅक्ड'मध्ये रीव्हर्सची, म्हणजे अंतराळात हल्ले करत फिरणाऱ्या क्रूर नरभक्षकांची, दहशत आहे आणि ते रीव्हर्स झाले कसे, हे सिनेमात उलगडतं. 'एरियल'मध्ये रिव्हर या यानावर लपलेल्या मुलीच्या मेंदूचं काय केलं ते कळतं. 'आउट ऑफ गॅस' माझा सर्वात लाडका. यान बंद पडलंय, हवा संपत चाललीय, कप्तान मॅल जखमी आणि एकटा आहे, आणि मधूनमधून एकेक जण या यानावर कसा आला ते दिसतं. हे यान म्हणजे घर का, हे याच एका भागात पुरतं कळतं.

सिनेमाआधी 'दोज लेफ्ट बिहाइंड' हे कॉमिक मिळालं तर वाचा. सिनेमाच्या सुरुवातीला यानावरचे धर्मोपदेशक बुक आणि इनारा तिथे नसतात आणि मालिकेत रिव्हरच्या मागावर असलेली निळ्या हातमोज्यांची माणसंही दिसत नाहीत, त्याचा धागा तिथे लागतो. डॉक्टर असलेल्या सायमनने आपल्या बहिणीला, रिव्हरला, कसं सोडवलं, ते मालिकेत एक सांगतात आणि सिनेमात दुसरंच दिसतं. त्यावर अडू नका.

सिनेमा एका बैठकीत, घरातल्या सर्वात मोठ्या पडद्यावर. मालिकेचे सेट मोडले होते, यान सिनेमासाठी नव्याने उभारलं. सुरुवातीला कॅमेरा मॅलच्या मागे मागे सगळं यान फिरून येतो, तेव्हा ओळखीच्या जागा शोधा. कलाकारांची माहिती मात्र आधी चाळू नका, कुणाचं काय होतं ते एका ओळीत फुटतं. २०१४ चं 'लीव्ह्ज ऑन द विंड' हे कॉमिकही नंतरच उघडा. ते सिनेमा संपतो तिथून पुढे जातं.