मॅग्नेटोमीटर कुठंही ठोकू नका: या चुका टाळा

घरी विमान बांधणाऱ्यांची एक सवय लई डोक्यात जाते. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईच्या, एकेक रिव्हेटवर तासतास घालवतील, आणि मॅग्नेटोमीटरची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या सेन्सरची, पाळी आली की म्हणतील "कुठं रिकामी जागा आहे, तिथं लावून टाकू, कॅलिब्रेशनमध्ये निघेल सगळं." नाही निघत. जागेवरून हलत नाही, चालू-बंद होत नाही असलं लोखंड तेवढं कॅलिब्रेशन सांभाळून घेतं. पण स्टिक हलवल्यावर हलणारी स्टीलची पुशरॉड (कंट्रोल ढकलणारा दांडा), स्विच दाबल्यावर वाहणारा करंट, बॅगेज कप्प्यात कधी असतो कधी नसतो असला टूलबॉक्स, यावर त्याचा काही इलाज नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे विंगमध्ये लाइटच्या वायरशेजारी सेन्सर, आणि वायर एकच, परतीची नाहीच. आमच्या सोलापूरच्या एका मित्रानं धातूचं टू-सीटर बांधलं आणि वायरिंग दिलं ट्रकचं काम करणाऱ्या एका वायरमनकडं. हात चांगला त्याचा, पण सवय ट्रकची. "सायेब, बॉडीला अर्थ दिलाय की, दुसरी वायर कशाला वाढवताय?" लँडिंग लाइट जुना हॅलोजन, १०० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर, आणि ती वायर सेन्सरच्या खालून जेमतेम १५ सेंटीमीटरवरून गेलेली. आता हिशोब करा. सरळ वायरचं चुंबकीय क्षेत्र एवढ्या अंतरावर साधारण ११ मायक्रोटेस्ला निघतं, आणि आपल्या भागात पृथ्वीचं आडवं क्षेत्र ४० च्या आसपास. म्हणजे हेडिंग, नाकाच्या दिशेचा आकडा, १५ अंशांपर्यंत सरकणार, आणि १०० किलोमीटर तसंच धरून गेलात तर २६-२७ किलोमीटर बाजूला निघाल, लातूर शोधत बसा मग.

गंमत पुढं आहे. या भावानं लाइट लावून चेक केलेलं होतं, हेडिंग हललंच नाही, म्हणून तो छाती ठोकून सांगत होता की वायरिंग ओके आहे, मॅग्नेटोमीटरचा डबाच खराब निघालाय, परत पाठवतो. शेडचं तोंड उत्तरेला, त्यामुळं विमानाचं नाकही उत्तरेला. वायर विंगच्या लांबीनं जाते, तिचं क्षेत्र सेन्सरपाशी पुढं-मागं पडतं, म्हणजे नाक उत्तरेला असलं की पृथ्वीच्याच रेषेत, मग क्षेत्राचा जोर कमीजास्त होतो पण दिशा काय बदलत नाही. त्याला म्हटलं आधी विमान बाहेर काढ आणि नाक पूर्वेला कर. लाइट लावला आणि आकडा धाडकन सरकला, बंद केला की परत जागेवर. मग गडी गप्प.

तेव्हापासून माझा नियम एकच. एकदा नाक उत्तरेला, एकदा पूर्वेला, आणि दोन्ही वेळा एकेक स्विच लावून बघायचं, लाइट, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), पंप, ट्रिमची मोटर, सगळे. सगळे एकदम लावायचे नाहीत, मग कोण चोर ते कळत नाही. आणि जास्त करंटच्या प्रत्येक वायरला परतीची वायर सोबत द्या, दोघींना पीळ मारून. जाणाऱ्या-येणाऱ्या करंटची क्षेत्रं एकमेकांना मारतात. वायरचं वजन वाढतं म्हणून कुरकुरणारे लोक सीटला दोन इंची फोम लावतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसरी आवडती चूक, शेडमध्येच कॅलिब्रेशन. वर लोखंडी अँगलच्या कैच्या, खाली काँक्रीटमध्ये सळई, शेजारी कुणाची तरी मोटरसायकल. बाहेर काढायचं म्हटलं की मे महिन्यातल्या उन्हाचं कारण. अरे मग सकाळी सहाला या ना! बाहेर काढलं तरी जागा बघून, आपल्याकडं तर जमीनच काळ्या दगडाची, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतो, उघड्या खडकावर उभं राहून कॅलिब्रेशन करू नका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवावं लागलं होतं, १९०४ पासून तिथं नोंदी सुरू झाल्या. ट्रामसाठी वेधशाळेचं अख्खं चुंबकीय काम हललं, तुमच्याच्यानं विमान शंभर मीटर ढकलवत नाही.

स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे. विमानात वापरतात ते नेहमीचे एएन बोल्ट स्टीलचे असतात, ते सेन्सरजवळ चालत नाहीत. स्टेनलेसवर डोळे झाकून भरवसा नको, काही स्टेनलेस स्क्रू चुंबकाला थोडे चिकटतात. आणि चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर त्या कप्प्यात न्यायचाच नाही, नेणाऱ्याला चहा मिळणार नाही.

सेन्सर विमानाच्या अक्षाशी नीट जुळवून, सपाट बसवा. डोळ्याच्या अंदाजानं नाही.

ऑटोपायलटच्या सर्वोच्या, म्हणजे कंट्रोल हलवणाऱ्या मोटरच्या, जवळ नको, तिच्यात चुंबक असतात.

"जीपीएस आहे की" म्हणणाऱ्यांना एवढंच, जीपीएस तुम्ही कुठं सरकताय ते सांगतो, नाक कुठं आहे ते नाही. आडवा वारा असला की दोन्हीत फरक पडतो, आणि स्क्रीनवरचा वाऱ्याचा बाण या दोन दिशा आणि विमानाचा हवेतला व जमिनीवरचा वेग यांवरून काढलेला असतो. हेडिंग चुकलं की वाराही चुकीचा दिसणार.

जागा कुठली मग? मला विचाराल तर शेपटीकडं, बॅगेजच्या बराच मागं, पण कंट्रोल केबल स्टीलच्या असतील तर त्यांच्यापासून लांब, आणि बॅटरी मागं असेल तर ही जागा सोडा, विंगटिप बघा, तिथं मग लाइटच्या वायरी आणि एलेरॉनची (विंगच्या मागच्या हलत्या पट्टीची) रॉड तपासायची. सेन्सरचा कंस (ब्रॅकेट) वाकवायच्या आधी मोबाइलमधलं मॅग्नेटोमीटरचं ॲप चालू करून फोन त्या जागी हळूहळू फिरवा. आपल्या भागात उघड्यावर एकूण क्षेत्र (आडवं आणि उभं मिळून) ४२-४३ मायक्रोटेस्ला दाखवायला पाहिजे. हातभर सरकवल्यावर आकडा उड्या मारायला लागला तर ती जागा सोडून द्या. फोनचं चुंबकवालं कव्हर तेवढं आधी काढा.